आभाळ जास्त झालंय

"छान," गहिनीनाथ मास्तर म्हणाले आणि सहादेवरावांचा सूर्यास्त त्यांनी शेजारच्याकडे सरकवला. फोटो काळापांढरा होता. सूर्य बुडतोय की उगवतोय, हे सहादेवरावांनी सांगितलं म्हणून कळलं.

नगरच्या त्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात गेल्या महिन्यापर्यंत असं नव्हतं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत आणि दर रविवारी इथे येऊन एकेकाच्या फोटोची सालटी काढत. मग एकदा सहादेवराव चिडून उठून गेले. मंडळाची खोली त्यांच्याच कापडदुकानाच्या माडीवर, म्हणजे प्रश्नच मिटला. ठराव झाला की यापुढे मित्रत्वानं बोलायचं, कुणाचं मन मोडायचं नाही. मास्तरांनीही हात वर केला होता.

मच्छिंद्रचा बगळा आला. त्याचे दोन्ही पाय फोटोबाहेर राहिले होते.

"छान," मास्तर म्हणाले. पुढच्या फोटोत फेटा झकास आला होता आणि फेट्याखालचा म्हातारा अंधारात बुडाला होता. तोही छान. मास्तरांचं डोकं ठणकायला लागलं होतं. आपण इथे येतो तरी कशाला, असं त्यांना वाटलं.

शेवटी फरीदाबाईंचा फोटो आला. त्या तिसगावला प्राथमिक शाळेत शिकवत, एसटीनं येत आणि आजवर कोपऱ्यात बसून नुसत्या ऐकत. त्यांनी आणलेला हा पहिलाच फोटो. टँकरची वाट बघत एक बाई उपड्या हंड्यावर बसली होती. फोटोच्या अगदी तळाशी, एवढीशी. वर सगळं आभाळ, आणि त्यात ढगाचा ठिपकासुद्धा नाही.

मास्तर बघतच राहिले. उन्हाळाभर वर्तमानपत्रांत दुष्काळाचे फोटो येत होते, पण असं आभाळ कुणी दाखवलं नव्हतं.

"छान," ते म्हणाले. दुसरा शब्द सापडेना. "फार छान."

"छानच आहे हो," सहादेवराव म्हणाले. "भजी घ्या, गार होतील."

फरीदाबाईंनी फोटो उचलून पिशवीत घातला आणि भजी न घेताच निघाल्या. मास्तर धावतपळत जिन्यात त्यांच्या मागे गेले.

"बाई, थांबा. फोटो उत्तम आहे. खरंच सांगतो."

"बगळाही छानच होता ना, मास्तर?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "कॅमेरा माझ्या भावाचा आहे. महमूद म्हणतो, तू नुसते रोल वाया घालवतेस. उद्या त्याच्याकडे गिऱ्हाईक येतंय. मी म्हटलं, एकदा मास्तरांना दाखवते, ते तोंडावर सांगतात. मग खुशाल वीक."

"अहो, मी मनापासून बोलतोय!"

"मनापासून बोलता तेव्हा तुम्ही चूक दाखवता. इतके दिवस ऐकतेय मी. दाखवा."

त्यांनी फोटो पुढे धरला. मास्तरांनी तो उजेडाकडे नेला. त्यांना स्वतःचा संताप आला, त्या ठरावाचा आला, वर उचललेल्या आपल्या हाताचा आला. त्यांनी चारही कोपरे पाहिले, सावल्या पाहिल्या, हंडा पाहिला. चूक नव्हती. माडीवरून सहादेवराव चहाला हाका मारत होते, आणि फरीदाबाईंनी फोटो परत घ्यायला हात पुढे केला होता.

"आभाळ," मास्तर एकदम म्हणाले. "आभाळ जास्त झालंय. वरून निम्मं कापा."

फरीदाबाईंचा चेहरा उजळला. "आणि बाकी?"

"बाकीला हात लावू नका. कॅमेराही विकू देऊ नका."

"एवढं सांगायला किती आढेवेढे घेतलेत!" त्या हसल्या. पिशवीतून त्यांनी वह्या तपासायची लाल पेन्सिल काढली, फोटो जिन्याच्या भिंतीला टेकवला आणि त्या रिकाम्या आभाळातून आडवी रेघ ओढली.

"इथेच ना, मास्तर?"

"हो," मास्तर म्हणाले. "तिथेच."