फिका चहा

“साखर विसरलास काय रे?” एक घोट घेऊन विष्णुपंतांनी विचारलं.

“साखर मिळून कुठं राहिली, पंतजी? लढाई आहे नं,” बळीराम म्हणाला. “माझा माल नापास केला, आता चहाही नापास करता काय?”

विष्णुपंतांनी हसत कप रिकामा केला. कारखान्यातल्या त्यांच्या खात्याची रीतच होती. ज्या कारागिराचे पुर्जे नापास होतील, त्याच्या हातचा चहा तपासनिसाने प्यायचा. म्हणजे मनात अढी राहत नाही. पासष्टची लढाई पेटली, काम दुप्पट झालं, नापास पुर्जे वाढले आणि चहाचे कपही.

त्याच सुमारास डॉक्टरांनी विष्णुपंतांच्या डोळ्यांत औषध घालून आत पाहिलं होतं. मधुमेहाने पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले होते. “आज नजर चांगली आहे. साखर आवरली नाही, तर जाईल.” विष्णुपंतांनी गोळ्या सुरू केल्या, घरी गोड बंद केलं. खात्यात मात्र सांगायची सोय नव्हती. डोळे बिघडताहेत म्हटलं की तपासणीच्या टेबलावरून थेट गोदामात रवानगी. आणि कारण न सांगता चहा नाकारावा, तर समोरच्याचा अपमान.

“ही टंचाई देवासारखी धावून आली,” ते पत्नीला म्हणाले. विनताबाई नुसत्याच ‘हं’ म्हणाल्या.

लढाई थांबली. चहा फिकाच राहिला. हिवाळ्यात डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. ठिपके वाढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी विष्णुपंत तपासणीचं एक माप मागायला शेजारच्या खात्यात गेले. तिथल्या श्रीरंगने चहा पुढे केला. पहिल्याच घोटाला ओठ चिकटले.

“साखर कुठून आणली?”

“आणायची कशाला? कँटीनमध्ये कधी संपलीच नाही. तुमच्याच किटलीत टाकू नका, असं बळीराम सांगून गेला. अख्खं खातं काहून फिका चहा पिऊन राहिलं, विचारलं तर कोणी बोलत नाही.”

विनताबाईंचं ते ‘हं’ विष्णुपंतांना आत्ता कळलं. तिनेच बळीरामला सांगितलं होतं. सगळ्या खात्याला ठाऊक होतं, आणि वर साहेबांपर्यंत एक शब्द गेला नव्हता. त्यांनी कप तसाच खाली ठेवला.

परतले तेव्हा बळीराम किटली घेऊन उभा होता. सकाळी त्याचे पुर्जे पुन्हा नापास झाले होते. आसपासची यंत्रं एकेक करून थांबली.

“तिकडचा चहा कसा होता, पंतजी?” त्याने मान खाली घालून विचारलं.

“तिकडेही फिकाच,” विष्णुपंत म्हणाले आणि त्यांनी कप पुढे केला.