मोबाईलमधला बाप

खोलीत पाच माणसं होती आणि पाच महिन्यांची शरयू त्यांतल्या चौघांकडे पाहून हसत होती. पाचवा तिचा बाप, नवनाथ. बाळंतपण कोपरगावला बायकोच्या माहेरी झालेलं, आणि फौजेतून त्याला सुट्टी मिळाली ती आत्ता. तो पाळण्यावर वाकला की शरयू ओठ काढायची आणि मग भोकाड पसरायची.

"रोज मोबाईलवर तर मला बघून खिदळती," तो म्हणाला.

"तिचे पप्पा टीचभर हायेत, दाजी," मेहुणी म्हणाली. "तुमी लई मोठे निघाले."

नवनाथने जरा विचार केला. मग ओट्यावर जाऊन बसला आणि आत बायकोला व्हिडिओ कॉल लावला. रेश्माने मोबाईल पाळण्यावर धरला. शरयू खुदकन हसली.

"चालू राहू दे," असं म्हणत तो उंबऱ्यापाशी आला. थोड्या वेळाने आणखी आत सरकला. कॉल चालूच होता.

दिवेलागणीला रेश्माच्या मोबाईलची बॅटरी संपली. तेव्हा नवनाथ पाळण्यापासून दोन फुटांवर होता. शरयूने काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. रडली नाही.