कच्चा आराखडा

शिकागोच्या विमानात बसायच्या आधी मासाओनं नेत्राला तिसऱ्यांदा फोन केला.

"आज अठ्ठावीस तारीख आहे," तो म्हणाला.

"माहितीये रे. उद्या तू येईपर्यंत आजी माझी जबाबदारी. तू निर्धास्त जा."

बोलायला ती बोलली, पण त्या तारखेचा धसका आता तिनंही घेतला होता. शेजारच्या घरातल्या तोमोकोआजी, मासाओची आई, जपानात लहान मुलींसाठी मांगा, म्हणजे चित्रकथा काढायच्या. सोळाव्या वर्षी एका मासिकाची स्पर्धा जिंकल्या आणि पुढची अडतीस वर्षं त्याच मासिकात दरमहा चाळीस पानं. ताप असो, वादळ असो, नवरा गेला तो महिना असो, अठ्ठावीस तारखेला पानांचा गठ्ठा काखोटीला मारून बाई स्वतः संपादकाच्या दारात हजर. पद्धतही ठरलेली. आधी चौकटींमध्ये कच्चा आराखडा काढायचा आणि संपादकाला दाखवायचा. त्यानं एकदा मान डोलावली, की मग ब्रह्मदेव आला तरी रेघेचा फरक होणार नाही.

आता सत्त्याहत्तराव्या वर्षी त्या ईडन प्रेरी या अमेरिकी गावात मुलाकडे राहत होत्या, आणि कुठलं गाव, कुठलं साल, याचं भान सुटत चाललं होतं. घरामागे तळं होतं, तळ्यापलीकडे कुठल्याशा कंपनीची काचेची इमारत. महिनाअखेर आली की आजींना ती मासिकाची कचेरी वाटायची. फेब्रुवारीत त्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन गोठलेल्या तळ्यावरून निम्म्या वाटेपर्यंत पोचल्या होत्या. तेव्हा बर्फ दोन फूट जाड होता म्हणून निभावलं. आता मार्च संपत आला होता. बर्फावर जाऊ नका, अशा पाट्या काठावर लागल्या होत्या.

नेत्राची अकरा वर्षांची अनया आजींची भक्त. इंग्रजीत आलेली त्यांची सगळी पुस्तकं तिच्याकडे होती. नेत्रानंही एकदा कौतुकानं एक उघडून पाहिलं. पहिल्याच पानावर दोन मुली गळ्यात पडून रडत होत्या, मग त्यांचं भांडण, आणि त्यानंतर कुठे त्यांची ओळख. तिला ओ की ठो कळलं नाही. जपान्यांचं सगळंच जगावेगळं, म्हणून तिनं पुस्तक मिटलं ते मिटलंच.

बाराच्या ठोक्याला ती मुगाची खिचडी घेऊन शेजारी गेली. आजी स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. इस्त्रीचा ब्लाउज, केस चापून बसवलेले, समोर वाफाळता चहा. आणि मांडीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

नेत्रानं खिचडीचं भांडं ओट्यावर ठेवलं. "आजी, कुठे निघालात?"

आजी नुसत्या हसल्या. त्यांचं इंग्रजी मोजकंच होतं. आज मीटिंग गेली खड्ड्यात, लॅपटॉप आणून इथंच ठाण मांडायचं, असं नेत्रानं मनाशी ठरवलं. तेवढ्यात आजींनी दोन्ही हातांनी एक लांबट कागद तिच्यापुढे धरला.

"कच्चं आहे," त्या म्हणाल्या. "बघा."

इथं आल्यापासून अकरा वर्षांत त्यांनी पेन्सिल हातात धरली नव्हती. नेत्राचे डोळेच भरून आले. कागदावर एका ओळीत पाच चौकटी होत्या, शब्द एकही नव्हता. डावीकडे सगळा पांढरा तलाव आणि मधोमध मुंगीएवढी एक बाई. शेजारच्या चौकटीत काठावरची पाटी. मग अर्धवट उघडलेलं मागचं दार. मग बुटांच्या नाडीवर दोन हात. आणि शेवटी हेच टेबल, हाच चहा, मांडीवरचा हाच गठ्ठा.

म्हणजे बाई सकाळीच जाऊन आल्या होत्या! त्या तसल्या बर्फावरून! नेत्राच्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ असं हलकं वाटलं की तिनं आजींचा खांदाच धरला. आल्या ना घरी. बूट काढून चहा घेत बसल्या. आजचं संकट टळलं होतं.

"चालेल?" आजींनी विचारलं.

"चालेल काय, धावेल! परफेक्ट!"

आजी उठल्या आणि कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या. नेत्रालाच अवघडल्यासारखं झालं. तिनं मागच्या दाराची कडी पाहिली, खिचडी झाकून ठेवली आणि तो कागद घेऊन आपल्या मीटिंगसाठी घरी परतली.

"आजी मजेत आहेत. आणि ऐक, चित्र काढायला लागल्या!" तिनं मासाओला मेसेज केला. त्याचं उत्तर लगेच आलं. एअरपोर्टवर उभ्याउभ्या रडतोय, म्हणाला.

मीटिंग लांबत गेली. दोनच्या सुमाराला तळ्याकडून मोठा कडाड आवाज झाला. नेत्रानं मान वर केली. पण मार्चमध्ये बर्फ रोजच असा वाजायचा. तिनं हेडफोन पुन्हा कानाला लावला.

साडेतीनला अनया शाळेतून आली आणि फ्रिजसमोर थबकली. कागद नेत्रानं तिथंच लावला होता.

"ओ माय गॉड, आई! हे सेन्सेईनं ड्रॉ केलं?"

"मग! गुरू कोणाच्या आहेत!" नेत्रा हसत म्हणाली. "लबाड बाई. सकाळी गुपचूप तळ्यावर फिरून आल्या. पण सुखरूप आल्या गं, आणि चहा घेत बसल्या."

अनया कागदाकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरत गेला.

"नो, आई." तिनं उजव्या टोकाला, चहाच्या कपावर बोट ठेवलं. "मांगा इकडून स्टार्ट होतं." आणि ते बोट कपावरून बुटांवर, बुटांवरून दारावर, दारावरून पाटीवर सरकत जाऊन पांढऱ्या तलावातल्या त्या ठिपक्यावर थांबलं.