उद्घाटनाची फीत

"नवा सूक्ष्मदर्शक यंदा संशोधकांच्या सेवेत रुजू झाला," विज्ञान परिषदेचे चिटणीस खानझोडे सर वार्षिक अहवाल वाचत होते. टाळ्या पडल्या आणि पाहुण्यांनी यंत्राला बांधलेली गुलाबी फीत कापली.

हेमांगी कोपऱ्यात उभी होती. यंत्र आलं तेव्हा तिच्याकडे जंगलातून आणलेल्या दुर्मिळ बुरशीचे ताजे नमुने होते. ती रोज विचारायची. सर म्हणायचे, "उद्घाटनाआधी हात लावायचा नसतो गं. पाहुण्यांची तारीख मिळू दे." तारीख मिळेपर्यंत नमुने सडले. तशी बुरशी पुन्हा सापडली नाही आणि पीएचडी सुटली ती सुटलीच.

"हेमांगी, फोटोपुरतं काहीतरी ठेव बघू भिंगाखाली!" खानझोडे सरांनी हाक मारली.

ठेवायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. तिनं खाली पडलेली फीत उचलली, तिचा एक धागा सुटा करून काचेवर ठेवला.

पाहुणे वाकले. "वा! हे गुलाबी तंतू कसले?"

"यांनीच माझे सगळे नमुने मारले, सर."

"अरेरे!" पाहुणे कळवळले. "मग यावरच संशोधन करा. परिषद तुमच्या पाठीशी आहे."

पहिली टाळी खानझोडे सरांनी वाजवली.