संक्रांतीला येते

ऊसतोडीला जाताना भुरीबाईनं पायांनी अधू असलेल्या लेकीला, रेणूला, वाशिमच्या वसतिगृहात ठेवलं. ‘संक्रांतीला येते’ म्हणाली आणि उगवली थेट होळीला.

दारात तिथल्या सुचिताताई चमकल्या. “आता तं तुमी न्हाणीत होत्या. बाहेर कवा गेल्या?”

“मी आत्ताच येष्टीतून उतरली.”

“काहीतरीच. संक्रांतीपासून इथंच तं हाये तुमी.”

रेणू खाटेवर बसली होती. वेणी भुरीबाई घालते तशीच, टोकाला कवडी ओवलेली. तांड्यात आईला म्हणतात तसं ‘याडी’ म्हणून ती हाक मारेल, याची भुरीबाईनं वाट पाहिली. रेणूनं तिच्याकडे नीट बघितलं आणि मान फिरवली.

न्हाणीत बांगड्या वाजल्या. भुरीबाईच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, “कोन आलं वं, रेणू?”

“कोनी नाई, याडी,” रेणू म्हणाली.