चेहरा दिसता कामा नये

"स्कार्फ आणखी घट्ट," सुदर्शन म्हणाला.

"श्वास घ्यायचाय ना?" असं विचारत भाग्यश्रीने बायकोच्या हक्काने आणखी एक गाठ मारली. हडपसरच्या धुळीत स्कूटरवर निघालेली मुलगी बांधते तसा स्कार्फ, वर काळा गॉगल. सुदर्शनची भुवईसुद्धा दिसत नव्हती.

फोनवर भाची नीरजा वैतागली होती. "मामा, भिंतीवरची हिरवी साडी काढा आधी. हा व्हर्च्युअल ग्रीन स्क्रीन आहे. सॉफ्टवेअर चेहरा शोधतं, तो माणूस ठेवतं, बाकी सगळं पुसतं. मागे समुद्र टाकलाय. तोंडाला वाघाचा मुखवटा देऊ?"

"नको. तो गळून पडला तर? स्कार्फ गळत नाही."

"बरं. आवाज कुठला?"

"म्हाताऱ्याचा."

साडी निघाली. मागे तात्यांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, हार घातलेला फोटो होता. शाळामास्तर होते ते. सुदर्शनने काढायला हात उचलला, मग थांबला. पुसलाच जाणार आहे की.

"हिंदुरावांना कळलं तर?" भाग्यश्रीने विचारलं.

हिंदुराव घरमालक. लहानपणी तात्यांच्याच वर्गात कोंबडा झालेले, पण आता पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्या कमरेला. भाडेकरूंना अर्धा तास पाणी, त्यांच्या बंगल्यातल्या कारंज्याला दिवसभर. शेजारचा भाडेकरू धम्मदीप तोंडावर बोलला आणि आठवडाभरात सामान घेऊन खडकीला गेला.

"कळलं तर आपणही खडकी," सुदर्शन म्हणाला. "म्हणून तर हा थाट."

नीरजाने 'तहानलेला' नावाच्या खात्यावरून बिल्डिंगभर लिंक धाडली, लेक्चर आहे म्हणून फोन ठेवला आणि लाइव्ह सुरू झालं. गॉगलसाठी चष्मा काढलेला, त्यामुळे सुदर्शनला पडद्यावर निळा समुद्र आणि मधोमध धूसर ठिपका एवढंच दिसत होतं. तो ठिपका आपणच, असं समजून त्याने पाण्यावरून हिंदुरावांना सुनवायला सुरुवात केली. रंगात आल्यावर तर "हिंद्या, लाज वाटते का रे?" इथपर्यंत मजल गेली.

संपल्यावर चष्मा लावून त्याने प्रतिक्रिया वाचल्या. नुसते जोडलेले हात. ओळीच्या ओळी. एकही टोमणा नाही. पुण्यात लाइव्हवर कोणी टोमणा मारत नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसलंय.

"नेट गेलं होतं का गं?"

"मला काय माहीत? मी दाराशी पहारा देत होते."

तेवढ्यात बेल वाजली. दारात हिंदुराव. अनवाणी, घामाघूम, हातात नारळ. खुर्चीवर स्कार्फ तसाच पडलेला. सुदर्शनच्या डोळ्यांपुढे खडकी उभी राहिली.

"दादा, ते... मी सांगतो..."

हिंदुरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सरळ आत गेले, भिंतीवरच्या फोटोपुढे नारळ ठेवला, कमरेची किल्ली सोडून शेजारी ठेवली आणि कान धरले.

"मास्तर, पानी सोडलंय, दिवसभर. तिकडं समुद्राकाठी बरं हाय न्हवं? तेवढं परत लाइव्ह नका येऊ. आमच्या म्हातारीची दातखीळ बसलीय."