आमेनच्या आधी

“हिला तुम्हीच शिकवणार ना?” सभागृहाच्या दारात बापाने विचारलं. तो बसचा ड्रायव्हर होता, कामावरच्या शर्टातच आला होता. शेजारी त्याची मुलगी. नजर जमिनीवर, कान मात्र टवकारलेले.

तत्त्वज्ञानाच्या बाई हसल्या. आज त्यांना कामच ते दिलं होतं.

“दुसऱ्या कॉलेजात हिला जागा मिळालीय,” बाप म्हणाला. “घेतो की सोडतो, ते बारापर्यंत कळवायचंय. पण हिच्या शाळेत तुमचं भाषण ऐकल्यापासून ही हट्टाला पेटलीय. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही हो म्हणा, म्हणजे ती जागा सोडतो.”

“हो,” बाई म्हणाल्या. “मीच शिकवते.”

बापाने तिथल्या तिथे फोन काढला आणि नंबर लावत बाजूला गेला.

तत्त्वज्ञान विभाग आदल्या दिवशीच बंद झाला होता. संगीत आणि साहित्यही. कुलगुरूंनी तिन्ही विभागांच्या शिक्षकांना बोलावलं, आधी प्रार्थना केली, मग केसाने गळा कापला. प्रवेश उरकेपर्यंत जो गप्प बसेल त्याला वर्षभराचा पगार आणि राहतं क्वार्टर. जो बोलेल त्याने सामान बांधावं. बाईंच्या क्वार्टरमध्ये अंथरुणाला खिळलेली आई होती. बाई गप्प बसल्या.

आता कुलगुरू मंचावरून पालकांना विद्यापीठाची ओळख करून देत होते. ते पाद्रीही होते. खोटं बोलताना त्यांचा आवाज आणखी मऊ व्हायचा. टेकडीवर मिशनऱ्यांनी काढलेली शाळा, तिचं झालेलं विद्यापीठ. रोज सकाळी चॅपेलमध्ये प्रार्थना. लहान लहान वर्ग. “इथे मुलांना एकाच विषयाच्या घाण्याला जुंपत नाहीत. विज्ञान शिकणारा संगीतही शिकतो, व्यापार शिकणारा तत्त्वज्ञानही. आम्ही नोकर नाही, माणूस घडवतो.” पडद्यावर बाईंचा फोटो आला. टाळ्या पडल्या.

“बाई गेल्या तरी फोटो टिकला,” शेजारचे गणिताचे सर पुटपुटले. त्यांचा विभाग वाचला होता, त्यामुळे त्यांना विनोद सुचत होते. “शेवटची प्रार्थना तुमचीच ना? थोडक्यात आटपा. देवही जेवायचा थांबलाय.”

शेवटची प्रार्थना दरवर्षी बाईच करत. त्या मंचावर गेल्या. सगळ्यांनी डोळे मिटले, माना झुकवल्या. प्रार्थना चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, हा इथला सगळ्यात जुना नियम. तो आजवर कुणी मोडला नव्हता. बाईंनी डोळे उघडे ठेवले आणि समोर ती मुलगी दिसली. हात जोडून, ओठ हलवत, ती मनापासून काहीतरी मागत होती. बाईंना ते बघवेना.

“प्रभू,” त्या म्हणाल्या, “आमच्या बंद झालेल्या तीन विभागांसाठी तुझी क्षमा मागते. तत्त्वज्ञान, संगीत, साहित्य. कालपासून इथे हे शिकवणारं कुणी उरलेलं नाही.”

“आमेन,” कुलगुरू मोठ्याने म्हणाले.

“अजून संपलं नाही, प्रभू. आज या आईबापांना जे दाखवलं ते खोटं आहे. गप्प बसण्याचा आम्हाला पगार मिळणार होता. तो मला नको. आमेन.”

खुर्च्या खाडखाड सरकल्या. पालकांनी कुलगुरूंना गराडा घातला. गणिताचे सर बाईंच्या कानाशी येऊन “वाघीण आहात” म्हणाले आणि कुणी बघायच्या आत लांब जाऊन उभे राहिले. बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आजवर इतक्या प्रार्थना केल्या, त्यात हीच एक खरी, असं त्यांना वाटलं.

गर्दीतून वाट काढत बसड्रायव्हर त्यांच्याकडे आला. मागे मुलगी. आभार मानायला आला असेल, म्हणून बाई दोन पावलं पुढे झाल्या.

“तिकडची जागा गेली,” तो म्हणाला. “आत्ता परत फोन लावला. लगेच दुसऱ्याला दिली म्हणाले.”



“मी खरं ते सांगितलं हो,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांसमोर सांगितलं. राहतं घर गेलं माझं त्यात.”

“सांगितलंत की,” बाप म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नाही. “पण देवाला सांगितलंत, बाई. त्याला तर माहीत होतं.”